पॉइंट आठच, पण कुठले?

आमच्या बुधवारच्या ब्रिजच्या खेळात एकदा उजवीकडच्याने एक इस्पिकने बोली उघडली. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे काय ते पुढे सांगतो), समोरचे नव्हते. माझी पानं अशी होती:

इस्पिक: राजा 4
बदाम: राणी
चौकट: गुलाम 9 6 4 2
किलवर: राणी 8 6 5 3

पाच चौकट, पाच किलवर. दोन रंगांची पानं आली की हात शिवशिवतात. मी ऐटीत दोन नोट्रम्पचं, म्हणजे बिनहुकमी बोलीचं, कार्ड ठेवलं. म्हणजे ‘भिडू, माझ्याकडे दोन्ही मायनर रंग पाच-पाच आहेत, तुला कुठला हवा ते सांग’. (चौकट-किलवर ते मायनर, इस्पिक-बदाम ते मेजर.) डावीकडच्या बाईंनी शांतपणे डबल केलं. भिडूने तीन किलवर म्हटलं, बोली फिरून बाईंकडे आली आणि त्यांनी पुन्हा डबल केलं. तीन डाऊन, म्हणजे बोलल्यापेक्षा तीन हात कमी, दंड 800. समोरच्यांना चार इस्पिक करून मिळाले असते 420.

डाव संपल्यावर शेजारच्या टेबलावरचे एक काका डोकावले. त्यांनी विचारलं, “पॉइंट किती होते?”

“आठ,” मी म्हटलं.

“कुठे होते?”

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बराच काळ लागला. हा लेख त्याबद्दलच आहे.

ज्यांनी फक्त मेंढीकोट खेळलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. चार जण, समोरासमोर भिडू, हुकूम, हात ओढणं हे सगळं ओळखीचं. ब्रिजमध्ये हुकूम बोली लावून ठरतो. जो जास्त बोलतो तो ठरवतो, आणि बोलल्याइतके हात झाले नाहीत तर दंड भरतो. समोरच्यांनी ‘डबल’ म्हटलं असेल तर दंड वाढतो. बोलीतल्या आकड्यात सहा मिळवले की तितके हात करायचे. पानांची ताकद मोजायला एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2, गुलामाला 1 असे पॉइंट. पूर्ण गड्डीत 40. समोरच्यांनी बोली उघडल्यावर आपण मध्ये घुसून बोलतो तो ओव्हरकॉल. (एक खुलासा: आपल्याकडे हातातल्या पानांनाही ‘हात’ म्हणतात आणि जिंकलेल्या चार पानांनाही. इथे ‘हात’ म्हणजे जिंकलेला हात, आणि हातातली ती ‘पानं’.)

एका रंगाचा ओव्हरकॉल सगळ्यांना जमतो. अडचण दोन रंगांची. निदान पाच-पाच असलेली पानं शंभरात साधारण साडेपाच वेळा येतात. 24 डावांच्या संध्याकाळी आपल्या वाट्याला एखाद-दुसरी. त्यासाठी दोन प्रसिद्ध युक्त्या आहेत. पहिली, अमेरिकेतला अल रॉथ याने 1948 मध्ये टोबायस स्टोनच्या साथीने मांडलेला ‘अनयूज्वल नोट्रम्प’. समोरच्यांच्या एकच्या बोलीवर उडी मारून दोन नोट्रम्प म्हणायचं, म्हणजे न बोललेल्या रंगांपैकी खालचे दोन आपल्याकडे (रंग खालून वर: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक). दुसरी, मायामी बीचच्या माइक मायकेल्सची. समोरच्याचाच रंग दोनच्या पातळीवर बोलायचा. एक चौकट किंवा एक किलवरवर तसं बोललात तर इस्पिक आणि बदाम दोन्ही. एक बदामवर दोन बदाम म्हणालात तर इस्पिक आणि एक मायनर. एक इस्पिकवर दोन इस्पिक म्हणजे बदाम आणि एक मायनर. फ्रान्सच्या पिएर गेस्तेमने दोन्ही रंग नेमके सांगणारी पद्धत काढली. तो ब्रिजमध्ये आणि ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळातही विश्वविजेता. त्या पद्धतीत तीन किलवर या बोलीलाही दोन रंगांचा अर्थ असतो, आणि एका तरी भिडूला तो नेमक्या वेळी आठवत नाही. आम्ही ती दोन महिने वापरून सोडून दिली.

युक्त्या पाठ करायला अर्धा तास पुरतो. खरा प्रश्न, ताकद किती हवी? नवशिके आकडा मागतात. आकडा देता येतो, पण आधी हे बघा की बोलल्यावर भिडूला कुठल्या पातळीवर उभं राहावं लागणार आहे. एक चौकटवर मी दोन चौकट म्हटलं तर भिडू दोन बदाम किंवा दोन इस्पिकवर थांबू शकतो. म्हणजे आठ हात. एक इस्पिकवर मी दोन इस्पिक म्हटलं तर त्याला निदान तीन बदाम म्हणावं लागतं, आणि बदाम नसतील तर दोन नोट्रम्प विचारून माझा मायनर काढावा लागतो. तिथेही तीनची पातळी. दोन नोट्रम्पनंतर तर थेट तीनच. नऊ हात. त्याच पानांवर एक हात जास्त करून दाखवायचा, आणि तो येणार कुठून? म्हणून बोली जितकी वर ढकलते, तितकी पानं चांगली हवीत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण क्लबात बघितलं तर उलटं चालतं. दोन मेजर असताना लोक घाबरून पास होतात आणि दोन मायनरवर मोकाट सुटतात.

आता व्हल्नरेबल म्हणजे काय ते. डुप्लिकेटमध्ये (तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळतात तो प्रकार) प्रत्येक डावावर आधीच लिहिलेलं असतं की कोणती बाजू व्हल्नरेबल. त्या बाजूला गेमचं, म्हणजे चार इस्पिकसारख्या मोठ्या बोलीचं, बक्षीस मोठं आणि दंडही मोठा. डबल झाल्यावर नॉन-व्हल्नरेबल बाजूला एक डाऊनचे 100, दोनचे 300, तीनचे 500, चारचे 800. व्हल्नरेबल असाल तर 200, 500, 800, 1100. समोरच्यांचे चार इस्पिक झाले तर त्यांना 420, व्हल्नरेबल असतील तर 620.

हे आकडे शेजारी ठेवून बघा, सगळं उलगडतं. कमजोर दोन रंगांच्या पानांचा मोठा उपयोग सॅक्रिफाइससाठी असतो. त्यांचा गेम होतोय म्हणून आपण वरचढ बोलायचं, डाऊन जायचं, पण त्यांच्या गेमपेक्षा कमी द्यायचं. आपण नॉन-व्हल्नरेबल आणि ते व्हल्नरेबल असतील तर तीन डाऊनचे 500 देऊनही 620 वाचतात. दोन्ही नॉन-व्हल्नरेबल असतील तर दोन डाऊनपर्यंत परवडतं. दोन्ही व्हल्नरेबल असतील तरी दोन. पण आपण व्हल्नरेबल आणि ते नाहीत, म्हणजे त्या बुधवारची माझी स्थिती, तेव्हा दोन डाऊनचे 500 हेच 420 पेक्षा जास्त. म्हणजे एकच हात चुकायची मुभा. अशा वेळी ‘कमजोर आहे, पण सॅक्रिफाइस तरी मिळेल’ ही सबबच राहत नाही. एली कल्बर्टसनचा जुना ढोबळ नियम होता: आपले जितके हात होतील त्याच्या वर, व्हल्नरेबल असताना दोनपेक्षा आणि नसताना तीनपेक्षा जास्त बोलू नका. पॉइंटवरची शंभर पुस्तकं वाचण्यापेक्षा हे चार आकडे पाठ असलेले बरे.

आता काकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा त्या दिवशी माझ्याकडे ही पानं असती:

इस्पिक: 4 2
बदाम: 7
चौकट: राजा राणी 10 8 4
किलवर: राणी गुलाम 10 6 3

पॉइंट मोजा. आठच. पण समजा किलवर हुकूम ठरला आणि भिडूकडे तीन फालतू किलवर सोडून काही नाही. तरी किलवरचे तीन हात माझे, एक्का-राजा गेल्यावर. चौकटचे दोन-तीन. पाच-सहा हात एकट्याच्या पानांवर उभे. वरच्या पानांत काय होतं? किलवरची राणी आणि आठ्ठा, चौकटचा गुलाम आणि नव्वी. दोन-तीन हातांचीही खात्री नाही. बदामची एकटी राणी पहिल्याच फेरीत एक्क्याखाली मरणार. आणि इस्पिकचा राजा? तो उघडणाऱ्याच्या नंतर खेळणार होता. त्याच्याकडे एक्का-राणी असती तरी त्याच्या मागे बसलेला माझा राजा बहुतेक एक हात मारून गेला असता. म्हणजे डिफेन्स करताना, समोरच्यांचा डाव हाणून पाडताना, तो खणखणीत. मी नेमकी अशी पानं घेऊन खेळायला धावलो ज्यांची सगळी किंमत गप्प बसून डिफेन्स करण्यात होती.

दुसऱ्या पानांचं उलटं. इस्पिक-बदाम हुकूम असताना ती जवळजवळ निरुपयोगी, पण मायनर हुकूम असेल तर सोनं. दोन रंगांच्या ओव्हरकॉलसाठी अशीच पानं हवीत: पॉइंट दोन रंगांत, बाहेर काही नाही, आणि दहा-नव्वीसारखी मधली पानं भरलेली. दहाला कुणी पॉइंट देत नाही, पण राणी-गुलाम-10 आणि राणी-8-6 यांतला फरक डबल झाल्यावर कळतो.

माझा हिशेब असा. एक मायनरवर दोन मेजर दाखवायला नॉन-व्हल्नरेबल असताना सहा-सात पॉइंटही चालतात, पण ते रंगांत हवेत. व्हल्नरेबल असताना आठ-नऊ. दोन नोट्रम्पसाठी नॉन-व्हल्नरेबल सात-आठ, व्हल्नरेबल दहाच्या आसपास आणि त्यातला एखादाच पॉइंट बाहेर. 6-5 असलं की एक-दोन पॉइंट कमी चालवून घेतो. 5-4 असलं की हातावर हात ठेवून बसतो, कितीही मोह झाला तरी. भिडू पाच समजून तीन पानांवर निवडतो, आणि चार-तीनच्या हुकमावर नऊ हात करायला बसायची हौस मला नाही.

बोलण्याची अजून एक किंमत असते, ती स्कोअरशीटवर दिसत नाही. दोन रंग सांगितले म्हणजे तुम्ही तेरापैकी दहा पानांचा हिशेब सगळ्या टेबलाला दिला. भिडूशी ठरलेलं समोरच्यांपासून लपवता येत नाही. विचारलं तर सांगावंच लागतं. समजा मी दोन नोट्रम्प म्हटलं आणि तरीही समोरचे चार इस्पिकवर पोचले. डिक्लेअररकडे (बोली जिंकून डाव खेळणारा) आणि डमीत (त्याच्या भिडूची उघडी पानं) मिळून नऊ इस्पिक, एक्का-राजा-गुलाम आहेत, राणी नाही. चार पानं बाहेर. एरवी नऊ असताना सरधोपट खेळ म्हणजे एक्का-राजा वरून ओढायचे आणि राणी पडते का बघायचं. पण इथे त्याला माहीत आहे की माझ्याकडे दहा मायनर आहेत, उरली तीनच. त्याने आधी बदामच्या दोन फेऱ्या खेळल्या, मी दोन्हींत बदाम टाकलं. उरलं एक. मग इस्पिकचा एक्का खेळला, मी एक छोटं इस्पिक दिलं. झालं. राणी भिडूकडे तीन पानांत आहे हे आता लहान पोरालाही कळेल. तो आरामात फिनेस घेतो, म्हणजे भिडूच्या राणीला कात्रीत पकडतो, आणि डाव करतो. मी गप्प राहिलो असतो तर त्याने एक्का-राजा ओढले असते आणि राणी आमचा हात झाली असती.

म्हणून कमजोर पानांवर बोलण्याआधी एक विचार: आपण हा डाव घेऊ शकतो का, किंवा सॅक्रिफाइस तरी स्वस्तात मिळेल का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर आपण फक्त डिक्लेअररला नकाशा काढून देतोय. दोन मायनरच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण समोरच्यांकडे इस्पिक असलं की ते नेहमी आपल्या वर बोलू शकतात. इस्पिक आपल्याकडे असेल तर गोष्ट वेगळी.

खरा वाद मधल्या ताकदीचा. जुनी शिस्त अशी: दोन रंगांचा ओव्हरकॉल एक तर कमजोर पानांवर करा, सुमारे सहा ते दहा, नाही तर जोरदार पानांवर, सोळाच्या पुढे. मधली, अकरा ते पंधरा, तशी दाखवायची नाहीत. आधी वरचा रंग साधा बोला, मग पुढच्या फेरीत दुसरा. कारण भिडूचा गोंधळ. मी दोन चौकट म्हटलं, भिडूने दोन बदाम निवडले. माझी पानं ही असतील तर?

इस्पिक: एक्का राणी गुलाम 8 5
बदाम: एक्का राजा गुलाम 7 4
चौकट: 6
किलवर: राजा 3

अठरा पॉइंट. मी तीन बदाम म्हणतो. भिडूला कळतं की हा कमजोर नाही, कारण कमजोर असता तर गप्प बसला असता. त्याच्याकडे एखादा एक्का असला की तो चार म्हणतो. गणित स्वच्छ: कमजोर एकदाच बोलतो, जोरदार दोनदा. आता मध्ये बारा-तेराची पानं घुसवा. दोन बदामवर पास केलं तर गेम निसटू शकतो. तीन बदाम म्हटलं तर भिडू सोळा-सतरा समजून डोक्यावर चढतो. म्हणून मधला गाळा रिकामा ठेवायचा.

तर्क छान आहे. पण त्यात एक भोक आहे: पुढची फेरी मिळेलच असं गृहीत धरलंय. हे घ्या:

इस्पिक: एक्का राणी 10 8 4
बदाम: राजा राणी 9 6 3
चौकट: 7
किलवर: राणी 5

तेरा पॉइंट. उजवीकडून एक चौकट. शिस्तीप्रमाणे मी एक इस्पिक म्हणतो. डावीकडून तीन चौकट. भिडू पास, उजवीकडचा पास. आता बदाम दाखवायचे तर तीनच्या पातळीवर, आणि भिडूला ते पाच आहेत की चार हे ठाऊक नाही. भिडूकडे चार बदाम आणि एक इस्पिक असेल तर त्याने इस्पिकचा विचार सोडून केव्हाच पानं मिटली असतील. समोरचे भसाभस उड्या मारतात अशा आजच्या खेळात ‘नंतर सांगतो’ हे बरेचदा ‘कधीच सांगत नाही’ होतं. म्हणूनच आज अनेक चांगल्या जोड्या मधला गाळा ठेवत नाहीत. पाच-पाच आहेत, ताकद पुरेशी आहे, दाखवा.

मग भिडूच्या गोंधळाचं काय? तो सोडवायची जबाबदारी भिडूवर टाकायची. त्याच्याकडे समजा ही पानं आहेत:

इस्पिक: राजा 9 6 3
बदाम: 8 2
चौकट: 8 5 4 2
किलवर: एक्का 7 3

सातच पॉइंट. तो दोन इस्पिक म्हणून गप्प बसला तर डाव बुडाला. पण त्याने असं मोजावं: माझ्या रंगातला राजा, चार पानांचा आधार, आणि बाहेरचा एक्का. तिन्ही गोष्टी कामाच्या. म्हणून उडी मारून तीन इस्पिक. मी कमजोर असेन तर पास करेन, तेरा असतील तर चार म्हणेन, आणि चार इस्पिक होतात. याच सात पॉइंटांऐवजी त्याच्याकडे चौकटचे राजा-राणी आणि किलवरची राणी असती, तर तेही सातच, पण जवळजवळ शून्य. चौकट माझ्याकडे एकच आहे. तिथे त्याची राजा-राणी कुणाच्या कामाला येणार?

आम्ही दोघांनी शेवटी तडजोड केली. दोन मेजर असतील तर गाळा नाही, कमजोर ते जोरदार सगळं दाखवायचं, कारण दोनच्या पातळीवर थांबता येतं आणि भिडूला उडी मारायला जागा उरते. दोन नोट्रम्पला मात्र गाळा ठेवायचा. तीनच्या पातळीवर उडी मारायला जागा नसते, भिडूला अंदाजच बांधावा लागतो, तेव्हा निदान कमजोर आणि जोरदार एवढं तरी त्याला ठाऊक असावं. आम्ही हे वहीत लिहून ठेवलं आणि वर्षभर सुखाने खेळलो.

गेल्या बुधवारी उजवीकडून एक इस्पिक. माझ्याकडे:

इस्पिक: 6
बदाम: 8 4
चौकट: एक्का राजा गुलाम 7 3
किलवर: राजा राणी 10 9 5

तेरा. मधला गाळा. वहीप्रमाणे मी दोन चौकट म्हटलं. डावीकडून थेट चार इस्पिक. पास, पास, आणि माझ्याकडे पाचच्या पातळीवर एकट्याने किलवर बोलायचं धाडस नव्हतं. चार इस्पिक झाले. भिडूने पानं उलटी करून दाखवली: किलवर एक्का गुलाम 8 6 4, बदामचा एक्का, चौकट दोनच. आमचे पाच किलवर टेबलावर पडलेले होते. फक्त एक इस्पिक आणि एक बदाम जाणार.

काका या वेळीही मागे उभे होते. “पॉइंट किती होते?”

“तेरा.”

“कुठे होते?”

“सगळे दोन रंगांत.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग भिडूकडे, आणि चहा आणायला गेले. भिडूने वही मागितली. मी अजून दिलेली नाही.